रांजणातले खडे आणि जहाजाची रोजनिशी

नाताळची कथा आपल्याकडील बहुतेक घरांना ऐकून ठाऊक असते. बेथलेहेम गाव, उतारशाळेत न मिळालेली जागा, गोठ्यातील गव्हाण, रात्री रानात मेंढरे राखीत बसलेले धनगर आणि ताऱ्याच्या मागाने पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. बंदिशाळेत जन्मलेल्या आणि गोकुळात गवळ्यांच्या घरी वाढलेल्या बाळाची कथा दर श्रावणात ऐकणाऱ्या मनाला यात परके वाटावे असे फारसे काही नाही. परंतु ‘नवा करार’ उघडून मत्तयाचे शुभवर्तमान वाचू लागले, तर ग्रंथाचा आरंभ ताऱ्याने होत नाही आणि गव्हाणीनेही होत नाही. आरंभी आहे ती एक लांबलचक वंशावळ. अब्राहामापासून येशूपर्यंत, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट करून मांडलेली नामावली. पुष्कळ वाचक ती ओलांडून पुढे जातात. ती ओलांडू नये असे आम्हांस वाटते.

कारण त्या नामावलीत पुरुषांच्या रांगेत, येशूची माता मरिया हिच्या आधी, चार स्त्रियांचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. तामार ही सासऱ्याला फसवून वंश चालविणारी विधवा. राहाब ही यरीहो नगराच्या तटावर राहणारी वेश्या. रूथ ही परक्या मवाबी कुळातील स्त्री. चौथीचे तर नावही न घेता ‘उरीयाची पत्नी’ एवढेच म्हटले आहे. आणि त्या दोन शब्दांत दावीद राजाचे सारे पाप येते. या स्त्रीचा अभिलाष धरून राजाने तिच्या शूर नवऱ्याला रणांगणाच्या तोंडाशी धाडून मारविले होते. वंशावळ लिहिणाऱ्याला ही नावे गाळता आली असती. घराण्याचा इतिहास लिहिताना माणसे काय काय गाळतात हे आपण जाणतोच. मत्तयाने गाळले नाही. आपल्याकडेही महाभारत सांगताना व्यासांच्या स्वतःच्या जन्माची कथा झाकलेली नाही, हे येथे सहज आठवते.

अशा कुळात जन्मलेला पुरुष पुढे जकातदारांच्या पंक्तीस बसला, दोषी ठरलेल्या स्त्रियांशी बोलला, आणि त्याबद्दल शिष्टजनांचे बोल त्याने ऐकून घेतले. त्याने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट लूकाच्या शुभवर्तमानात आहे. वाटणी मागून घेऊन ती दूरदेशी उडविणारा धाकटा मुलगा डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घरी परततो, आणि बाप त्याला दुरून पाहताच धावत जाऊन मिठी मारतो. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण येथेच थांबतात. मूळ कथेत मात्र थोरला भाऊही आहे. तो शेतातून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि आत पाऊल टाकण्यास नकार देतो. मी इतकी वर्षे राबलो, माझ्यासाठी कधी करडूही कापले नाही, आणि सारे उधळून आलेल्यासाठी मेजवानी? बाप त्याची समजूत घालतो. पण तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

कर्माचा सिद्धांत मानणाऱ्या आपल्या घरांतून हाच थोरल्या भावाचा प्रश्न वारंवार उठतो, आणि तो रास्त आहे. केलेले कर्म भोगल्यावाचून सुटत नाही, अशी आपली धारणा. मग कृपेने पाप धुतले जाते असे म्हणणाऱ्याने ज्याचे नुकसान केले, त्याचे काय? त्याच्या पानात कोणी काय वाढले? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रार्थात शोधण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यात शोधणे अधिक फलदायी होईल. तो माणूस संत नव्हता. निदान पुष्कळ वर्षे तरी नव्हता. त्याचे नाव जॉन न्यूटन. त्याचा मृत्यू नाताळच्या ऐन तोंडावर, 21 डिसेंबर 1807 रोजी लंडनमध्ये झाला.

केळीच्या बेटावरील चाकर

वाल्याची कथा मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. वाटसरूला लुटून मारावे, प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकावा, असे करता करता सात रांजण भरले. मग नारदमुनी भेटले आणि त्यांनी विचारले, या पापात बायकामुले वाटेकरी आहेत काय? घरी जाऊन विचारले तेव्हा कोणीच वाटेकरी होईना. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा या रूपात नाही. अध्यात्म रामायणात ती आहे, आणि तेथे नारदांच्या जागी सप्तर्षी आहेत. रांजण आणि खडे आपल्याला कीर्तनांतून मिळाले आणि घरोघर जाऊन बसले. न्यूटनची कहाणी वाचताना ते रांजण पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतात.

न्यूटनचा जन्म 1725 च्या जुलैत लंडनच्या वॉपिंग भागात झाला. बाप जहाजाचा कप्तान. आई भाविक, तिने मुलाला लहानपणीच प्रार्थना आणि स्तोत्रे पाठ करविली. पण मूल सात वर्षांचे होण्यापूर्वीच ती क्षयाने गेली. पुढे बापाबरोबर समुद्रावर, मग सक्तीने आरमारात, तेथून पलायन, पकडले गेल्यावर सर्वांसमोर फटके आणि हुद्द्यावरून उतरवणी, असा त्याचा प्रवास झाला. या काळात आईने शिकविलेले सारे त्याने टाकून दिले. इतकेच नव्हे, तर देवाची निंदा करण्यासाठी नव्या नव्या शिव्या रचणारा म्हणून खलाशांतही त्याची कुप्रसिद्धी होती, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

आरमाराने त्याला गुलामांच्या व्यापारातील एका जहाजावर ढकलून दिले, आणि तो पश्चिम आफ्रिकेच्या, आजच्या सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर उतरला. तेथील केळी-बेटांवर एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याची चाकरी त्याने धरली. व्यापाऱ्याची आफ्रिकी पत्नी त्या मुलखात वजनदार होती. न्यूटन तापाने आजारी पडला, मालक सफरीवर गेला, आणि या बाईने त्याला उष्ट्यावर ठेवले. भुकेने कासावीस होऊन तो रात्री शेतातील कंदमुळे उपटून कच्ची खाई. अंगावर एक सदरा. तोच समुद्रात धुवायचा आणि ओलाच अंगावर घालून वाळवायचा.

या दिवसांतील दोन गोष्टी आम्हांस विसरता येत नाहीत. एक अशी की या दुर्दशेतही त्याच्याजवळ युक्लिडच्या भूमितीचे एक पुस्तक उरले होते. बेटाच्या कोपऱ्यात जाऊन, लांब काठीने वाळूत आकृती काढून तो प्रमेये सोडवी. दुसरी गोष्ट अधिक मोठी. साखळदंडात जखडलेले गुलाम, ज्यांच्या वाट्याला स्वतःच्याच पोटापुरते येत नव्हते, ते आपल्या घासातून चोरून त्याला खायला आणून देत. विकले जाण्याची वाट पाहणाऱ्या माणसांनी या गोऱ्या चाकराला जगविले.

आणि पुढे तो कोणत्या धंद्यात गेला? गुलाम विकण्याच्या.

तेथे मालकाने त्याच्याकडून काही लिंबाची रोपे लावून घेतली होती. रोपे लावताना मालक कुत्सितपणे म्हणाला, की कोण जाणे, ही झाडे फळास येईपर्यंत तू इंग्लंडला जाऊन एखाद्या जहाजाचा कप्तान होशील आणि ही लिंबे तोडायला परत येशील! थट्टा अक्षरशः खरी ठरली. काही वर्षांनी न्यूटन कप्तान होऊन त्याच किनाऱ्यावर आला आणि त्या झाडांची लिंबे त्याने तोडली. आपल्या आत्मवृत्तात ईश्वराच्या लीलेचा नमुना म्हणून तो हा प्रसंग सांगतो. त्या जहाजाच्या तळाशी काय भरायचे होते, हे ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला ती लिंबे कडू लागल्याशिवाय राहत नाहीत.

वादळाची रात्र आणि नंतरची सहा वर्षे

1748 साली ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजाने त्याला किनाऱ्यावरून उचलले. या जहाजावर गुलाम नव्हते. हस्तिदंत, सोने, मेण आणि रंगाचे लाकूड असा माल होता. वेळ घालविण्यासाठी न्यूटनने एक पुस्तक हाती घेतले. ते होते टॉमस अ केम्पिसचे ‘ख्रिस्ताचे अनुकरण’. पंधराव्या शतकातील हे पुस्तक आपल्या वाचकांना दुसऱ्या एका नात्याने परिचित असेल. स्वामी विवेकानंदांना ते अतिशय प्रिय होते. परिव्राजक असताना गीतेबरोबर ते त्यांच्या झोळीत असे, आणि त्याच्या काही भागाचा ‘ईशानुसरण’ या नावाने त्यांनी बंगालीत अनुवादही केला. न्यूटनने ते सहज चाळले, हे खरे असेल तर काय, असा विचार मनात आला आणि त्याने पुस्तक मिटून ठेवले.

त्याच रात्री उत्तर अटलांटिकमध्ये वादळ उठले. तारीख होती 21 मार्च. त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे 10 मार्च. एका लाटेने जहाजाची एक बाजूच फोडली. न्यूटन वर धावत असता कप्तानाने त्याला सुरी आणण्यासाठी मागे धाडले. त्याच्या जागी जो वर गेला, तो त्याच क्षणी वाहून गेला. मेण आणि लाकूड पाण्याहून हलके असल्यामुळेच जहाज तरले. तासन्‌तास पंप मारताना, देवाने दया केली नाही तर आपण संपलो, अशा अर्थाचे शब्द न्यूटनच्या तोंडून निघून गेले. वर्षानुवर्षे देवाचे नाव केवळ शिवीसाठी घेणाऱ्या तोंडातून ते निघाले होते. तो स्वतःच दचकला. वाल्याला ‘राम’ म्हणता येईना म्हणून ‘मरा, मरा’ म्हणावयास सांगितले गेले, असे आपण ऐकतो. उलट्या जिभेतून नाम असेच कसेबसे बाहेर पडत असावे.

फुटके जहाज सुमारे चार आठवड्यांनी, त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे 8 एप्रिल रोजी, आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. पुढे आयुष्यभर न्यूटनने 21 मार्च हा दिवस प्रार्थनेने पाळला.

एखाद्या कीर्तनात कथा येथे संपली असती. वाल्याचा वाल्मीकी झाला, बुक्का लावावा आणि आरतीला उठावे. खऱ्या आयुष्यात तसे झाले नाही. वादळातून वाचलेल्या, शिव्या सोडलेल्या, बायबल वाचू लागलेल्या या माणसाने आधी गुलामवाहू जहाजावर मुख्य अधिकारी म्हणून सफर केली, आणि नंतर 1750 ते 1754 या काळात कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. लिव्हरपूलहून निघावे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने फिरून माणसे विकत घ्यावी, ती साखळीने बांधून वेस्ट इंडीजला नेऊन विकावी, आणि तो पैसा घेऊन घरी यावे.

त्या सफरींची न्यूटनच्या हातची रोजनिशी टिकून आहे. वारा, पाण्याची खोली, खरेदी, आणि मृत्यू. मेलेल्या गुलामाचे नाव त्यात नाही, क्रमांक आहे. अमुक क्रमांकाचा पुरुष आज समुद्रात सोडला, अमुक क्रमांकाची मुलगी आज गेली, अशी नोंद. बंडाचा संशय आला तेव्हा काही मुलांना बेड्या घातल्या आणि त्यांच्या अंगठ्यांना पिळण्याचे यंत्र लावले, हेही त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. वाल्याने निदान खडे मोजले ते पाप मोजावे म्हणून. येथे क्रमांक लिहिले गेले ते मालकाला हिशेब द्यावा म्हणून.

आणि याच काळात, त्याच जहाजाच्या वरच्या मजल्यावर, न्यूटन प्रार्थना करीत होता. रविवारी खलाशांना उपासनेस बसवीत होता. पत्नी मेरी हिला तो कोमल पत्रे लिहीत होता. ईश्वराचा इतका निकट सहवास अन्यत्र क्वचितच लाभला, अशा अर्थाचे त्याने या सफरींविषयी लिहिले आहे. खाली, एका फळीच्या जाडीवर, माणसे अंग वळविण्याइतकीही जागा नसताना पडून होती. न्यूटन ढोंगी होता, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. तो ढोंगी नव्हता. त्याला दिसतच नव्हते. त्याच्या काळातील चर्चला दिसत नव्हते, व्यापाऱ्यांना दिसत नव्हते, राजाला दिसत नव्हते. भक्ती खरी असते आणि तरी डोळे मिटलेले असतात, ही गोष्ट केवळ त्यांच्याकडचीच आहे असे कोणत्याही धर्माच्या माणसाने मानू नये. देवळाच्या पायरीशी चोखोबांना थांबविणारेही भाविकच होते.

1754 साली अचानक आलेल्या झटक्यामुळे न्यूटनने समुद्र सोडला. सदसद्विवेकबुद्धीने नव्हे, आजारपणाने. लिव्हरपूल बंदरात त्याने जकातखात्यात नोकरी धरली, ग्रीक आणि हिब्रू शिकली, आणि धर्मोपदेशक होण्याची खटपट चालविली. बिशपांनी कित्येक वर्षे दाद दिली नाही. अखेरीस 1764 साली दीक्षा मिळून तो ओल्नी या लहानशा गावी उपदेशक झाला. गाव लेस विणणाऱ्या गरिबांचे. अंधाऱ्या खोल्यांतून बायका आणि लहान मुले दिवसभर बॉबिन फिरवीत बसत.

ओल्नीचा शेजारी

याच गावी 1767 साली विल्यम कौपर हा कवी राहावयास आला. इंग्रजी काव्याच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. पण त्याचे मन लहानपणापासून जखमी होते. सहाव्या वर्षी आई गेली. 1763 साली एका सरकारी जागेसाठी लोकांसमोर परीक्षा द्यावी लागणार, या भीतीने त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि काही काळ वेडाच्या इस्पितळात काढला. तेथे बायबल वाचताना त्याला समाधान लाभले आणि तो सावरला. न्यूटनच्या आणि त्याच्या घरांमध्ये एक बाग होती. दोघे रोज भेटत, गावातील गरिबांच्या घरी जोडीने जात, आणि सभेसाठी स्तोत्रे रचीत.

1773 च्या पहिल्या दिवशी न्यूटनने नववर्षाचे प्रवचन केले. त्या प्रवचनासाठी रचलेले स्तोत्र म्हणजे पुढे जगभर पसरलेले ‘अमेझिंग ग्रेस’. हरवलेला सापडला, आंधळ्याला दिसू लागले, असा त्याचा आशय. आज ज्या चालीवर ते गातात ती चाल त्याला अमेरिकेत 1835 साली जोडली गेली. ज्यांच्या पूर्वजांना न्यूटनसारख्या कप्तानांनी साखळदंडात नेले, त्या काळ्या लोकांनीच ते गीत उराशी धरले. हे कसे झाले याचे आश्चर्य आम्हांस अजून वाटते.

पण त्या जानेवारीत ओल्नीत निराळेच घडत होते. कृपेचे ते गीत प्रथम ऐकविले गेले त्याच सुमारास कौपरचे मन पुन्हा अंधारले. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे, असे त्याला एका स्वप्नात सांगितले गेले, अशी त्याची समजूत झाली. ती मरेपर्यंत गेली नाही. चर्चमध्ये त्याने पुन्हा पाऊल टाकले नाही. त्याच वर्षी त्याने पुन्हा जीव देण्याचा प्रयत्न केला. न्यूटनने त्याला आपल्या घरी आणून वर्षाहून अधिक काळ ठेवून घेतले. उपदेश करून पाहिला, तो लागू पडेना. मग उपदेश बाजूला ठेवून नुसता सांभाळ केला. पुढे कुणी भेट दिलेल्या सशाची पिले पाळण्यात, बागकामात आणि काव्यात कौपरने स्वतःला गुंतविले. 1779 साली दोघांचा मिळून ‘ओल्नी हिम्स’ हा 348 स्तोत्रांचा संग्रह निघाला. त्यांतील साठाहून अधिक कौपरची आहेत. लोक ती गाऊन धीर घेत राहिले आणि ज्याने ती रचली तो स्वतःला धीर देऊ शकला नाही. 1800 साली तो निराशेतच वारला.

श्रद्धेने प्रत्येक मोडलेले मन सांधले जाते, असे सांगणाऱ्या प्रवचनकारांनी कौपरची आठवण ठेवावी. न्यूटनने त्याला पापी म्हटले नाही, अश्रद्धही म्हटले नाही. मित्राचा अंधार हा आजार आहे, देवाचा निवाडा नव्हे, असेच तो शेवटपर्यंत मानीत राहिला.

उशिरा आलेली कबुली

1780 साली न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ या चर्चमध्ये आला. हे चर्च शहराच्या ऐन सराफकट्ट्यावर. 1785 च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स हा सव्वीस वर्षांचा पार्लमेंटचा सभासद कोणाला कळू न देता त्याला भेटावयास आला. दार ठोठावण्यापूर्वी त्याने चौकाला फेऱ्या मारल्या, इतके त्याचे मन द्विधा होते. राजकारण सोडून धर्मकार्यास लागावे काय, हा त्याचा प्रश्न. न्यूटनने त्याला राजकारणातच राहण्यास सांगितले. विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढा उभारला, आणि मग साक्षीदार हवे होते. जहाजाच्या तळात काय चालते हे सांगू शकेल असा माणूस हवा होता.

1788 साली, जहाज सोडल्यानंतर 34 वर्षांनी, न्यूटनने आफ्रिकेच्या गुलामव्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत आपले नाव लपविले नाही. आपण स्वतः हे केले, माणसे कशी रचून ठेवली जात, स्त्रियांची विटंबना कशी होई, बंड करणाऱ्यांचे काय होई, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या कोरड्या शब्दांत सांगितले. या कबुलीला फार उशीर झाला आहे, जे दुःख दिले ते हिच्यामुळे भरून निघणार नाही, हेही त्याने तेथेच मान्य केले. प्रिव्ही कौन्सिलच्या समितीपुढे आणि पार्लमेंटच्या समितीपुढे म्हातारपणी जाऊन त्याने साक्ष दिली. त्याच वर्षी कौपरनेही, स्वतःच्या अंधारातून, एका गुलामाच्या तोंडी घातलेली कविता लिहिली आणि ती इंग्लंडभर पसरली.

थोरल्या भावाच्या प्रश्नाकडे येथे परत यावे लागते. ज्या क्रमांकाचा माणूस समुद्रात सोडला गेला, त्याला ही कबुली काय कामाची? काहीच नाही, असेच म्हणावे लागेल, आणि न्यूटनही दुसरे काही म्हणत नाही. मात्र ख्रिस्ती अर्थाने ज्याला ‘कृपा’ म्हणतात, तिने त्याला हिशेबातून सोडविले नाही. तिने त्याला हिशेबाकडे पाहता येईल इतके बळ दिले, आणि तेही फार सावकाश. वादळानंतर बराच काळपर्यंत आपण खऱ्या अर्थाने विश्वासणारे नव्हतोच, असे त्याने पुढे लिहिले. आपल्याकडील प्रायश्चित्ताच्या विधीतही दोष उघडपणे उच्चारणे हे पहिले अंग आहे. पर्षदेपुढे उभे राहून पाप सांगितल्यावाचून पुढचे काहीच सुरू होत नाही. न्यूटनची पर्षद म्हणजे त्याच्या देशाचे पार्लमेंट होते.

मार्च 1807 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा केला. गुलामगिरी बंद होण्यास आणखी एक पिढी जावी लागली. न्यूटन तेव्हा 81 वर्षांचा होता. डोळे गेले होते, कान जड झाले होते, प्रवचनाचा धागा मध्येच सुटे. तरी ही वार्ता त्याच्या हयातीत आली. त्याच डिसेंबरात तो गेला. कबरीवरील मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता; त्यात आपण एके काळी नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेत गुलामांचा चाकर होतो, असे सर्वप्रथम म्हटले आहे.

लंडनच्या त्याच चर्चमध्ये 1791 च्या सुमारास क्लॉडियस बुकॅनन नावाचा एक स्कॉटिश तरुण त्याचे प्रवचन ऐकावयास आला होता. आईबापांशी खोटे बोलून, सारंगी घेऊन युरोप हिंडावयास निघालेला, आणि लंडनमध्येच कफल्लक होऊन वकिलाच्या कचेरीत कारकुनी करणारा हा मुलगा न्यूटनमुळे मार्गाला लागला आणि पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख झाला. त्याच कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत असे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केरीने केलेले मराठी व्याकरण 1805 साली आणि कोश 1810 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला. मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या इतिहासाशी न्यूटनच्या शिष्याचा असा दूरचा संबंध पोहोचतो. पण हेही नमूद केले पाहिजे, की याच बुकॅननने पुरीच्या रथयात्रेविषयी अतिशय कठोर लिहिले आणि जगन्नाथाचे नाव पाश्चात्त्य जगात भयाचा प्रतिशब्द बनविण्यास हातभार लावला. ज्या देशाची जहाजे तेव्हाही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभी होती, त्या देशाच्या माणसाने दुसऱ्याच्या देवळाकडे थोड्या नम्रपणे पाहिले असते, तर ते त्याच्या गुरूला अधिक शोभले असते.

पंडिता रमाबाईंची आठवण या संदर्भात येणे अपरिहार्य आहे. इंग्लंडमध्ये असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात जोगिणींनी चालविलेले एक घर दाखविण्यात आले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा होता. या स्त्रियांची एवढी काळजी का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी, म्हणून भर दुपारी एकटीच विहिरीवर येणारी ती स्त्री. आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ज्या स्त्रियांना आपल्या समाजात कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांच्यासाठी असे काही कोणी केल्याचे आपण ऐकले नव्हते, असे रमाबाईंनी पुढे लिहिले. हे वाचताना आजही मान खाली जाते. त्यांच्या धर्मांतराबद्दल कोणी काहीही म्हणो, ही टोचणी खोटी होती असे म्हणता येणार नाही.

पुढे दौंडजवळच्या केडगावी ‘मुक्ति’च्या आवारात दुष्काळातील मुली आणि विधवा यांच्याबरोबरच रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी स्वतंत्र घर काढले. त्याचे नाव ‘कृपासदन’. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, बहिरेपणाने जगापासून तुटलेल्या असताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवीत होत्या. खेड्यातल्या बाईला वाचून कळावे एवढाच हेतू. 1922 च्या एप्रिलात त्या गेल्या, तोपर्यंत हे काम चालू होते. ते मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले, आणि त्याचे खिळे जुळविणारे हात तेथे आसऱ्याला आलेल्या मुलीबायकांचे होते.